मार आल्यावर पडायचं

बास्केटबॉलमध्ये उडी मारणाऱ्यांचे फोटो छापून येतात, लांबून नेम साधणाऱ्यांचे येतात. एका जागी पाय रोवून उभ्या राहणाऱ्या बाईचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही, आणि काढला तरी त्यात बघण्यासारखं काय असणार म्हणा. पण इस्पितळाच्या महिला संघाने गेल्या सोळा वर्षांत जे काही सामने जिंकले, त्यातले निम्मे तरी अशाच एका बाईने नुसतं उभं राहून जिंकून दिले होते. संघात तिला खांब म्हणत. मग धुलाई विभागातही म्हणायला लागले. शेवटी नवऱ्यानेही घरी तेच सुरू केलं, तेव्हा ती त्याच्याशी एकदा कडाडून भांडली आणि नंतर तिनेच नाद सोडला.

धुलाई विभाग इस्पितळाच्या तळघरात. खिडक्या छताला टेकलेल्या, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसत. वॉर्डातल्या चादरी वरून पिशव्यांतून खाली येत, मशीनमधून पिळून निघत आणि मोठ्या तापल्या रोलरखालून कडक होऊन बाहेर पडत. रोलरच्या बाहेरच्या तोंडाशी खांब उभी असे. चादरीचं एक टोक ती धरायची, दुसरं तिची धाकटी नणंद. दोघींनी मिळून चार घड्या घालायच्या, की पुढची चादर हजर. बोलायला फुरसत नाही आणि रोलरच्या घरघरीत बोललेलं ऐकूही येत नाही. त्यामुळे नणंद-भावजयीचं चांगलं जमत होतं, असं मुकादम म्हणायचा. हा मुकादम म्हणजे धुलाईचा साहेब, आणि संघाचा प्रशिक्षकही तोच, कारण रविवारी घराबाहेर पडायला निमित्त फक्त त्यालाच हवं होतं.

नणंदेला संघात भिंगरी म्हणत. अंगाने मूठभर, पण बॉल हातात आला की मैदानभर गरगर फिरायची आणि तोंड त्याहून जोरात फिरायचं. तिला संघात आणलं खांबनेच, आणि या गोष्टीचा भिंगरीला फार अभिमान. वहिनी म्हणजे वहिनी, तिच्यासारखी दुसरी नाही, असं ती अनोळखी माणसालाही ऐकवायची.

खांबचं कसब कळायला खेळ कळावाच लागतो असं नाही. समोरची बॉल घेऊन रिंगकडे सुसाट येते. तुम्ही तिच्या वाटेत तिच्याआधी पोहोचून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, तिच्याकडे तोंड करून उभ्या असलात आणि ती तुमच्या छातीवर आदळली, तर फाउल तिचा आणि बॉल तुमच्या संघाला. तुम्ही उशिरा पोहोचलात किंवा आडव्या घुसलात, तर फाउल तुमचा. या दोहोंत अंतर म्हणाल तर डोळ्याचं पातं लवेल एवढं. संघात याला ‘मार घेणं’ म्हणत, आणि नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला ते खांबनेच शिकवलेलं. आधी पाय, मग हात छातीवर, हनुवटी आत. अंग कडक नाही, सैलही नाही. पडताना हात मागे टेकायचे नाहीत, मनगट जाईल. बूड आधी टेकवायचं आणि घसरत जायचं.

“आणि मार आल्यावर पडायचं,” ती प्रत्येकीला बजावायची. “मार यायच्या आधी पडते ती नटी.”

अशा नट्या प्रत्येक संघात असतात. कुणाचा पदर लागला तरी गोळी लागल्यासारख्या कोसळणाऱ्या, पंचाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत कळवळणाऱ्या. खांबला त्यांचा मनापासून तिटकारा होता. त्या वर्षी नियमही कडक झाला होता. खोटं पडताना पंचाने पकडलं, तर पहिल्यांदा इशारा, आणि तो एकटीला नाही, सगळ्या संघाला. त्यानंतर त्या संघातली कुणीही पुन्हा तसं पडली, तर टेक्निकल फाउल. म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो फुकट, आणि वर बॉल त्यांच्याकडेच. नियम आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद खांबला झाला होता. आता नट्यांची खैर नाही, असं ती रोलरच्या आवाजावर ओरडून म्हणाली होती.

हे ती म्हणाली तेव्हा तिचा डावा गुडघा अजून शाबूत होता.

मोसमाच्या मध्यावर गुडघा बिघडला. पडून वगैरे नाही, सकाळी उठली आणि जिना उतरताना तो आतल्या आत घसरला. इस्पितळातच काम करायचं म्हटल्यावर फिजिओबाईंना कॉरिडॉरमध्येच गाठलं. त्यांनी भिंतीला टेकवून गुडघा दाबून बघितला आणि म्हणाल्या, “खेळणं बंद करा. यावर कुणी जोरात आदळलं ना, तर चादरी धरायला उभ्यासुद्धा राहू शकणार नाही.” खांबने मान डोलावली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुकादमने बाकावर बसवलं असतं. तिने मनाशी ठरवलं, हा मोसम शेवटचा, मग सोडू.

त्यानंतरच्या सामन्यात समोरची धावत आली तेव्हा खांब नेहमीसारखी वाटेत उभी राहिली, हात छातीवर घेतले, आणि आदळायच्या किंचित आधी तिचं अंग आपोआप मागे गेलं. गुडघ्यानेच परस्पर ठरवलं जणू. ती पडली, शिट्टी वाजली, फाउल समोरचीचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंगरीने येऊन हात देऊन उठवलं आणि पाठीवर थाप मारली. खांबला त्या थापेची लाज वाटली, पण गुडघा दुखला नव्हता हेही खरं. मग आणखी दोनदा तसंच झालं. त्या वेळी गुडघ्याने ठरवलं असं म्हणायला तिची जीभ रेटेना. खांब असल्याची सोळा वर्षांची पुण्याई होती आणि पंच त्या पुण्याईवर शिट्टी वाजवत होते.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता, बंदरातल्या मालधक्क्याच्या संघाशी. त्यांच्यात एक होती, खरोखरच क्रेन चालवणारी. तिला सगळे क्रेनच म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. खांबपेक्षा वीतभर उंच, खांदे दरवाजाएवढे, आणि स्वभावाने गरीब. पण बॉल हातात आला की ती सरळ रेषेत येई, मध्ये काय आहे ते बघत नसे.

पंच दोघे. एक म्हातारा, पलीकडच्या टोकाला. दुसरी एक तरुण मुलगी, केस गच्च बांधलेले, शिट्टी दातांत धरून सतत जमिनीकडे बघणारी. सामना सुरू व्हायच्या आधी मुकादम कानाशी येऊन म्हणाला, “त्या पोरीची आज परीक्षा आहे. वर तिसऱ्या पायरीवर चष्म्याच्या बाई बसल्यात ना वही घेऊन, त्या निरीक्षक. पास झाली तर वरची श्रेणी. नाही तर आणखी दोन वर्षं शाळेच्या पोरांचे सामने.”

“मग?” खांबने विचारलं.

“मग कडक वागणार. सांभाळून.”

हाफटाइमच्या थोडं आधी क्रेन पहिल्यांदा सरळ रेषेत निघाली. खांब तिच्या आधी पोहोचली. पाय टेकले, हात छातीवर घेतले, हनुवटी आत घेतली. क्रेन जवळ आली तशी मैदानाच्या फळ्या थरथरायला लागल्या, ते तिला तळपायांत जाणवलं. पुढचं तिला नीट आठवतं, कारण तिने ते ठरवून केलं. क्रेनने शेवटच्या क्षणी खांदा वळवला होता. तिचा दंड खांबच्या छातीला लागला, पण नुसता घासून गेला. खांब तोवर मागे निघाली होती. ती दाणकन पडली, हातभर घसरली, तोंडातून आवाजही काढला. तो आवाज मात्र याआधी तिने कधी काढला नव्हता.

शिट्टी वाजली नाही. क्रेनने आरामात बॉल रिंगमध्ये टाकला. तरुण पंचाने कोपरातून हात दोनदा वर उचलून दाखवला आणि पुढे बॉल बाहेर गेल्यावर ती मुकादमकडे आली. “खोटं पडल्याबद्दल तुमच्या संघाला इशारा,” ती म्हणाली. मग खांबकडे वळून, “तुम्हालाही.”

इस्पितळाच्या बाजूने एकच गलका उठला. वॉर्डातल्या आया, रखवालदार, स्वयंपाकघरातली माणसं, सगळी उठून उभी राहिली. खांबला? खांबला खोटं पडल्याबद्दल? एकीने तर पंचाला तिचा चष्मा घरी राहिलाय का असं विचारलं. पंच मुलगी चष्मा वापरत नव्हती, पण तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

हाफटाइमला भिंगरी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मुकादमने हात धरला तो तिने झटकला.

“ताई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. ही माझी वहिनी. सोळा वर्षांत एकदा, एकदासुद्धा ती खोटी पडलेली नाही. आम्हा सगळ्यांना पडायला तिने शिकवलंय. माझ्या मुलाची शपथ घेऊन सांगते.”

“मला दिसलं ते मी दिलं,” पंच म्हणाली.

“काय दिसलं? काय दिसलं तुम्हाला?”

पंचाने वर तिसऱ्या पायरीकडे एकदा नजर टाकली. चष्म्याच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग तिने खांबकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, हे उघड होतं. खांब बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिने मान वर केली नाही.

भिंगरीने मुलाची शपथ घेतली ते खांबने ऐकलं होतं. तेव्हाच उठायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ‘राहू दे गं, बरोबर आहे ती.’ पण समोर पन्नास माणसं तिच्यासाठी घसा फोडत होती, आणि सगळ्यांदेखत आपलं नाव मातीत घालणं सोपं नसतं. सामना संपला की सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. गप्प बसायचं असलं की माणूस स्वतःला असंच काहीतरी सांगतो.

मुकादम तिच्याशेजारी येऊन बसला. “मी तक्रार लिहितो. संघाची कॅप्टन तू. सामना संपला की सही कर. जिंकलो तरी आणि हरलो तरी. तुझ्या नावाला डाग लावून जाऊ देणार नाही या पोरीला.”

दुसऱ्या अर्ध्यात पंच मुलीचं वागणं बदललं. हे सगळ्यांत आधी खांबला कळलं. पहिल्या अर्ध्यात तिची शिट्टी खणखणीत वाजत होती, आता अर्धा श्वास उशिरा वाजायला लागली. निर्णय देऊन झाला की ती प्रेक्षकांकडे बघे. इस्पितळाच्या एका मुलीने क्रेनला सरळ ढकललं तेव्हा तिने शिट्टी ओठांशी नेली आणि पुन्हा खाली घेतली. भिंगरी खूश झाली. “घाबरली बघ,” ती धावता धावता म्हणाली. खांबच्या मनाला ते अजिबात बरं वाटलं नाही.

शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा इस्पितळ एका गुणाने पुढे होतं. बॉल मालधक्क्याकडे. आता सगळं सभागृह उभं होतं आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. बॉल कुणाकडे जाणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं.

क्रेनला बॉल मिळाला. भिंगरी तिच्यावर धावून गेली, पण क्रेनने तिला दारातल्या पायपुसण्यासारखं ओलांडलं आणि रिंगची सरळ रेषा धरली. त्या रेषेवर खांब एकटीच.

बाजूला व्हावं, तर बास्केट आणि हार. आधीच मागे पडावं आणि पकडली गेली, तर टेक्निकल, म्हणजे तेही हरल्यातच जमा. आधी पडून पकडली गेली नाही, तर जीत, कारण पंच आता घाबरलेली होती. हे शेवटचं तिच्या मनात आलं. पंचाची नजर आता डळमळीत झालीय आणि ती आपण डळमळीत केलीय, त्याचा आता फायदा घेता येईल, असं स्पष्ट शब्दांत आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

तिने पाय टेकले. वजन पुढे घेतलं, चवड्यांवर, नव्या मुलींना शिकवायची तसं. फळ्या थरथरायला लागल्या. गुडघा मागे चल म्हणत होता, तिने जाऊ दिला नाही. क्रेनचा श्वास तिच्या तोंडावर आला, पण ती अजून जागची हलली नव्हती.

मग छातीवर दार कोसळल्यासारखं झालं. आवाज काढायला तिच्यात हवाच उरली नाही. ती पडली, तिच्यावर क्रेन पडली, आणि डाव्या गुडघ्यात काहीतरी कापड टरकावं तसं टर्र झालं. दोघींच्या खालून बॉल घरंगळत गेला.

शिट्टी वाजली. अर्धा श्वास उशिरा, पण वाजली. खांबने डोळे उघडले तेव्हा पंच मुलगी एक हात डोक्यामागे नेऊन दुसऱ्या हाताच्या मुठीने मालधक्क्याची बाजू दाखवत होती. फाउल क्रेनचा.

पुढच्या चार सेकंदांत काही होण्यासारखं नव्हतं. इस्पितळ जिंकलं.

कपडे बदलायच्या खोलीत एक लांब बाक, लोखंडी कपाटं आणि गळका नळ. खांबला दोघींनी उचलून आणलं होतं. गुडघा बर्फाच्या पिशवीखाली आणि पिशवीच्या दोन्ही बाजूंनी सुजलेला दिसत होता. मुली नाचत होत्या. कुणी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, कुणी गालाचा मुका घेतला. “बघितलंत? क्रेन अंगावर घेतली!” भिंगरी ओरडत होती. “आणि म्हणे खोटी पडते! आता बोला म्हणावं!” क्रेन स्वतः दारातून डोकावून माफी मागून गेली, आणि रडलीही थोडी.

मुकादमने कागद आणला. मांडीवर ठेवून सामना चालू असतानाच लिहिला असावा, अक्षर वेडंवाकडं होतं. इस्पितळाच्या कर्णधाराला दिलेला इशारा चुकीचा होता, तो रद्द व्हावा, आणि संबंधित पंचाच्या कुवतीचा विचार व्हावा. खाली सहीसाठी जागा.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पंच मुलगी. गळ्यात शिट्टी तशीच.

“तक्रार देताय असं कळलं,” ती म्हणाली. आवाज खाली होता. “द्यायला हरकत नाही. मी माझ्या अहवालातही लिहिते, की त्या इशाऱ्यात माझी चूक झाली. तुम्ही कॅप्टन आहात. तुम्ही सही केली की मीही करते.”

मुकादम एकदम मवाळ झाला. “बघा, चूक कबूल करायला मोठं मन लागतं.”

“करून टाक वहिनी,” भिंगरीने पेन पुढे केलं.

खांबने पेन घेतलं. खोटं कशाला सांगा, तिने ते कागदावर टेकवलंही. एक रेघ ओढली की झालं. सोळा वर्षांवर खरेपणाचा शिक्का बसला असता. पोरगी लहान आहे, दोन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसेल. आपल्याला तर आता पुन्हा मैदानात उतरायचंच नाही.

“तुला काय दिसलं होतं गं?” तिने विचारलं.

पंच गोंधळली. “कधी?”

“पहिल्यांदा पडले तेव्हा. ही विचारत होती तेव्हा तू बोलली नाहीस. आता सांग.”

“तुमचे चवडे,” पंच म्हणाली. “मी नेहमी पाय बघते. चेहरा फसवतो. मला वाटलं, तुमचे चवडे धक्का लागायच्या आधीच उचलले गेले. वजन आधीच मागे गेलं होतं. असं मला वाटलं.” ती क्षणभर थांबली. “पण मग एवढी माणसं म्हणायला लागली. या ताईंनी मुलाची शपथ घेतली. कुणी मुलाची खोटी शपथ घेत नाही. आणि तुम्ही काही बोलल्या नाहीत, तर मला वाटलं, तुम्हाला माझा फार राग आलाय. मग शेवटी तुम्ही तेवढा मोठा मार घेतलात. तेव्हा वाटलं, आपल्याला दिसतं ते खरं नसतंच बहुतेक.”

नळ गळत होता.

खांबने पेनला टोपण लावलं.

“तुझे डोळे बरोबर होते,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय,” मुकादम म्हणाला. “दुखतंय तिला, तुम्ही लक्ष देऊ नका.”

“साहेब, मला बोलू द्या.” तिने बर्फाची पिशवी बाजूला केली. “क्रेनचा नुसता दंड घासला होता. मी आधीच निघाले होते. ओरडलेही मुद्दाम. आणि आजच नाही, या मोसमात याआधी तीनदा झालंय. गुडघा गेलाय माझा. फिजिओबाई खेळू नको म्हणाल्या होत्या, मी लपवलं. शेवटचा मार खरा होता. त्याच्या आधीचे चार खोटे.”

जिने मघाशी गालाचा मुका घेतला होता, ती मुलगी कपाटाकडे वळून उगीच कपडे घडी करायला लागली. मुकादमने कागदाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिलाय. खांब भिंगरीकडे बघायचं टाळत होती, पण किती वेळ टाळणार?

“मी मुलाची शपथ घेतली,” भिंगरी म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता.

“ऐकलं मी.”

“ऐकलंस. आणि नाडी बांधत बसलीस.”

“हो.”

भिंगरीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“तुझ्या बाई बाहेर आहेत?” खांबने पंचाला विचारलं. “त्यांना आत बोलव. त्यांच्यासमोरही सांगते.”

निरीक्षक बाई आत आल्या. खांबने सगळं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण आता सगळ्यांना पुढचं वाक्य माहीत होतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वहीची मागची पानं उलटली.

“इशारा योग्य होता, हे मी तेव्हाच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मलाही तुमचे पाय दिसत होते. त्याची तुम्हाला काळजी नको. मी हिच्या नावापुढे दुसरंच लिहिलंय.” त्यांनी पंचाकडे पाहिलं. “उत्तरार्धात डळमळीत. आणि आत्ता तू या दारात कशाला आली होतीस, तेही मला कळलंय.”

पंच मुलीने मान खाली घातली.

हे खांबच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण खरं बोललो की आपलं नाव जाईल आणि पोरीचं काम होईल, असा तिचा सरळ हिशोब होता. नाव तर गेलं, आणि पोरीचं नुकसान जे व्हायचं ते मघाशीच होऊन बसलं होतं, नाडी बांधता बांधता.

“ती आपणहून नाही डळमळली हो,” खांब म्हणाली. “तिला बरोबर दिसलं होतं. मी गप्प बसले, म्हणून तिला स्वतःचं खरं वाटेना झालं. ती चूक माझी आहे. माझ्या नावावर लिहा.”

“तुमची परीक्षा नाहीये,” बाई म्हणाल्या. “पंचाला माणसं खोटं सांगतात. रोज सांगतात. ते सांगत असताना तिने आपलं धरून ठेवायचं असतं.” पण त्यांनी वही मिटली नाही. पेन हातात ठेवून त्या पंचाकडे वळल्या. “विचारू पुन्हा? तो इशारा?”

पंचाने वर पाहिलं. समोर दहाएक जणी, घामाने निथळणाऱ्या. काहींची तोंडं अजूनही रागाने फुगलेली. मधोमध भिंगरी. तिच्या डोळ्यांना डोळे भिडवून मुलगी म्हणाली, “बरोबर होता.”

“आणि शेवटचा फाउल?”

“तोही बरोबर होता.”

बाईंनी काहीतरी लिहिलं, पण काय लिहिलं ते कुणालाच दाखवलं नाही, आणि निघून गेल्या. मागोमाग पंच निघाली. दाराशी भिंगरी तिच्या आडवी आली. सगळ्यांना वाटलं, आता ही पुन्हा भांडते.

“ताई,” भिंगरी म्हणाली, “मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी शपथ घेतली नसती.”

पंच मान हलवून गेली.

खोली हळूहळू रिकामी झाली. जाताना प्रत्येकीने खांबला काहीतरी म्हटलं, काळजी घे, बर्फ लाव, उद्या येऊ नको. गालाचा मुका कुणी घेतला नाही. मुकादमने कागदाचे चार तुकडे केले, ते टाकायला जागा सापडेना म्हणून खिशात घातले, आणि रिक्षा बघतो म्हणून गेला.

भिंगरी कपाट आवरत राहिली. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं. खांब बाकाला धरून उठली, भिंतीला धरून दारापर्यंत आली. आधार दे म्हणायचा आपल्याला हक्क राहिला नाही, हे तिला कळत होतं, म्हणून तिने हाक मारली नाही. बाहेर जिन्याच्या अठरा पायऱ्या. कठडा धरून, डावा पाय खाली, मग उजवा त्याच्याशेजारी, मग पुन्हा डावा.

तिसऱ्या पायरीवर भिंगरी बाजूने पुढे निघून गेली. दोन्ही खांद्यांवर दोघींच्या बॅगा. ती मागे वळून बघत नव्हती आणि एक शब्द बोलत नव्हती. पण जी बाई आयुष्यात कधी जिना धावल्याशिवाय उतरली नव्हती, ती एक पायरी उतरून थांबत होती, आणि मागून दुसरा पाय टेकल्याचा आवाज आला की मगच पुढची पायरी उतरत होती.